रुग्णाच्या बाजूने बोलणारा माणूस: तालुक्याच्या गावी रुग्णसाहाय्य केंद्र चालवावे का आणि कसे?

माणदेशी

सर्वांना नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी ग्रंथालयाने ज्येष्ठ नागरिक संघाला एक खोली वापरायला दिली आहे. तेथे रुग्णसाहाय्य केंद्र चालवावे, असा आम्हा काही निवृत्त शिक्षकांचा, एका माजी तलाठ्यांचा आणि एका परिचारिकाताईंचा विचार आहे. आजारपणात दवाखाना, सरकारी योजना, विमा कंपनी आणि तहसील कचेरी यांच्यात फरफट होणाऱ्या कुटुंबाला कागद समजावून सांगणारा आणि गरज पडल्यास त्याच्या वतीने बोलणारा माणूस मिळावा, एवढीच आमची कल्पना आहे.

योजना आपल्या राज्यात कमी नाहीत. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. ती आता पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांसह सर्वांना लागू आहे आणि तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तरीही आमच्या भागात शस्त्रक्रियेसाठी खिलारी बैलजोडी किंवा अर्धा एकर रान विकणारी घरे मी पाहतो, कारण योजनेचे नाव त्यांच्या कानावर पडते ते डिपॉझिट भरून झाल्यावर. माझ्या मते आजारापेक्षाही या अज्ञानाने माणसे अधिक कर्जबाजारी होतात.

रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र असताना आमची गरज आहे का, आम्ही नेमके काय शिकून घ्यावे आणि कोठे थांबावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

कोयनाकाठ

गरज नक्कीच आहे. आरोग्यमित्र अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातच बसतो, म्हणजे रुग्ण तेथवर पोहोचल्यानंतरच त्याची भेट होते. कोणत्या रुग्णालयात जायचे हे मात्र घरच्या ओसरीवर, घाबरलेल्या माणसांच्या गर्दीत ठरते, आणि एकदा अंगीकृत नसलेल्या ठिकाणी रुग्ण दाखल झाला की पुढचे सगळे अवघड होऊन बसते. तुमची खोली त्या ओसरीच्या जवळ आहे, हेच तिचे बळ आहे.

वॉर्ड_क्रमांक_नऊ

माणदेशी सर, मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयातून वैद्यकीय समाजसेविका म्हणून निवृत्त झाले. तुम्ही ज्या माणसाची कल्पना करता आहात तो आपल्याकडे नवा नाही. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली आणि तेव्हापासून मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद आहे. अडचण एवढीच की खाटांच्या मानाने ही माणसे फार थोडी असतात, त्यामुळे त्यांचा सारा दिवस सह्या आणि शिफारशींत जातो आणि रुग्णाशी निवांत बोलायचे राहून जाते.

या कामाचा खरा भाग कोणता, ते एका उदाहरणावरून सांगते. हृदयाची झडप बदलण्यासाठी एक शेतमजूर दाखल झाले होते. शिधापत्रिकेवर नाव ज्ञानोबा, आधार कार्डावर ज्ञानेश्वर. योजनेची मंजुरी या एका फरकावर अडेल, अशी घरच्यांना धास्ती होती. पण प्रतिज्ञापत्र आणि आरोग्यमित्राचे सहकार्य मिळाल्यावर तो प्रश्न सुटला. खरा पेच नंतर आला. झडपेच्या शस्त्रक्रियेआधी त्यांना दातांच्या विभागात पाठवले आणि तेथे किडलेले दात काढावे लागतील, असे सांगण्यात आले. हृदयाच्या दुखण्याला दात कशाला काढायचे, ही आपली टोलवाटोलवी चालली आहे, असे समजून ते पिशवी भरून गावी निघाले होते. दातांतल्या संसर्गाचे जंतू रक्तावाटे नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून आधी तोंड निरोगी करावे लागते, हे त्यांना कोणी बसून सांगितलेच नव्हते. मी निवासी डॉक्टरांना खाटेजवळ बोलावून घेतले आणि त्यांनी झडपेचे चित्र काढून दाखवले. ज्ञानोबा थांबले आणि त्यांची शस्त्रक्रिया झाली.

नावातील फरक कोणताही हुशार कारकून दुरुस्त करू शकला असता. पण पिशवी भरून निघालेल्या माणसाला काय वाटते आहे हे ओळखून डॉक्टर आणि तो यांना समोरासमोर बसवणे, यासाठी आपल्या माणसाची गरज असते.

डॉ_बालाघाट

मी जिल्ह्याच्या गावी फिजिशियन आहे. वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, कारण रुग्णाचा प्रतिनिधी म्हणजे डॉक्टरांवर लक्ष ठेवणारा पहारेकरी, अशी समजूत आमच्या व्यवसायात बरीच आहे आणि ती अशा अनुभवांनीच दूर होईल.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट लिहितो. कोणते औषध घ्यावे, शस्त्रक्रिया करावी की नाही, याविषयी तुमच्या केंद्राने मत देऊ नये; शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला मदत करावी, तो रुग्णाचा हक्कच आहे. आणि मोबाईलवर चित्रीकरण करत तपासणीच्या खोलीत शिरणारा कार्यकर्ता हा रुग्णाचा प्रतिनिधी नव्हे, कारण त्यानंतर डॉक्टर रुग्णाशी बोलायचे सोडून स्वतःला सांभाळू लागतो.

तुमचा सर्वांत मोठा उपयोग संमतीपत्राच्या वेळी होईल. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, आणि संमतीपूर्वी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात रुग्ण मान डोलावतो, नातेवाईक सही करतात आणि संध्याकाळी कंपाउंडरला विचारतात की उद्या नेमके काय करणार आहेत. रुग्ण येण्यापूर्वी त्याचे प्रश्न त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून द्या. आजार कोणता, उपचार केले नाहीत तर काय होईल, दुसरा मार्ग आहे का, साधारण खर्च किती, एवढे चार प्रश्न लिहून आणणाऱ्या रुग्णाला मी अधिक नीट समजावून सांगतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

शिवाय चालू औषधांची पाकिटे सोबत पाठवा. ‘ती पांढरी छोटी गोळी’ या वर्णनावर रक्त पातळ करणारे औषध ओळखता येत नाही आणि तातडीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते माहीत नसणे जिवावर बेतू शकते.

रानवारा

सर्वांच्या मताचा आदर राखून थोडे वेगळे मांडतो. माझ्या काकांना मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा कोणतेही प्रश्नपत्रक कामाला आले नाही. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातील वैद्यकीय मदतनीसाने एक फोन केला आणि अतिदक्षता विभागात जागा मिळाली. आमच्याकडे रुग्णाचा खरा वाली हाच असतो. तुमच्या केंद्राकडे असे वजन नसेल तर लोक येतील का?

वॉर्ड_क्रमांक_नऊ

@रानवारा, तुमच्या काकांना वेळेवर जागा मिळाली याचे समाधान आहे आणि त्या मदतनीसाचे श्रेयही मी नाकारत नाही. अशा कार्यालयांतील अनेक तरुण रात्री-बेरात्री धावून जातात. पण जो हक्काने मिळायला हवा तो उपचार ओळखीने मिळाला, की ज्याच्याकडे ओळख नाही त्याची रांग एकाने लांबते.

धर्मादाय रुग्णालयांचेच पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार तेथील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. या खर्चासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही. कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसते.

म्हणजे फोन करायला वजनदार माणूस लागत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि ‘आम्ही या योजनेखाली दाखल होऊ इच्छितो’ असा पहिल्याच दिवशी दिलेला लेखी अर्ज लागतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. बिल तयार झाल्यावर सवलत मागणाऱ्याला ‘आधी सांगायचे होते’ हे उत्तर मिळते, म्हणून ‘पहिल्या दिवशी’ यावर माझा भर आहे.

कोयनाकाठ

उत्पन्नाचा दाखला आजारपणाची वाट न पाहता घरोघरी काढून ठेवायला सांगणे, हे काम माजी तलाठी भाऊंनी उद्यापासून सुरू करावे.

दावा_आणि_पडताळणी

मी आरोग्य विम्याच्या क्षेत्रात काम करते. येथे सरकारी योजनांवर बरेच लिहून झाले, म्हणून विम्यापुरते लिहिते, कारण तालुक्याच्या गावीही आता पगारदार आणि दुकानदार कुटुंबांकडे पॉलिसी असते आणि ती उघडून वाचलेली नसते.

नाकारलेल्या दाव्यांच्या फायली पाहताना एक गोष्ट मला फार खटकते. अपघात विभागात घाईघाईने विचारले जाते, ‘मधुमेह किती वर्षांपासून?’ सोबत आलेला पुतण्या अंदाजाने सांगतो, ‘असेल दहा वर्षे.’ केसपेपरवर ‘मधुमेह, १० वर्षे’ अशी नोंद होते, पॉलिसी असते चार वर्षांची, आणि आजार लपवला म्हणून दावा फेटाळला जातो. प्रत्यक्षात निदान दोन वर्षांपूर्वीचे असते आणि त्याचा रक्ततपासणीचा अहवाल घरच्या कपाटात पडून असतो. अशा वेळी पहिल्या निदानाचा अहवाल दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी खुलासा घेता येतो, पण तो डिस्चार्जच्या आधी घेणे सोपे असते. तुमच्या केंद्राने एवढेच शिकवले तरी पुष्कळ होईल: माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे सांगावे, अंदाज सांगू नये.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेस मागणीवर, म्हणजे बिल परस्पर विम्यातून भागवण्याच्या मागणीवर, कंपनीने १ तासाच्या आत निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासांच्या आत द्यायची असते. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाचा खर्च वाढला तर तो कंपनीने सोसायचा आहे. दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे, ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माझ्या पाहण्यात तरी या पायरीपर्यंत जाणारे फार थोडे, कारण पहिल्या नकाराच्या पत्रालाच लोक शेवटचा निकाल समजतात.

लीड्सकर

मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. येथील प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात रुग्णांना सल्ला देणारी आणि विभागांशी बोलून अडचण सोडवणारी सेवा असते. तिला सगळे ‘पाल्स’ म्हणतात. माझ्या आईच्या तपासणीची तारीख हरवली होती तेव्हा तेथील बाईंनी फार आपुलकीने मदत केली. पण ती माणसे रुग्णालयाचीच असतात. म्हणून रुग्णालयाविरुद्ध रीतसर तक्रार करायची असेल तर त्यासाठी स्वतंत्र प्रतिनिधी मिळतो आणि त्याची सोय २०१३ पासून स्थानिक प्रशासनाकडे सोपवलेली आहे. माणदेशी सरांनी हा भेद सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा: रुग्णालयाकडून जागा, टेबल किंवा देणगी स्वीकारली तर पुढे त्याच रुग्णालयाच्या बिलावर प्रश्न विचारताना जीभ जड होते.

वॉर्ड_क्रमांक_नऊ

लीड्सकरांचा मुद्दा मला पटतो आणि थोडा टोचतोही, कारण मी स्वतः रुग्णालयाचीच नोकर होते. तरी आत बसलेल्या माणसाचे महत्त्व कमी लेखू नये. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० साली गरीब स्त्रियांसाठी वाट दाखवणारे कार्यकर्ते नेमले. स्तनाच्या कर्करोगाची शंका आल्यापासून निदान आणि उपचारापर्यंत मध्ये कोठे गळती होते, हे ते पाहत आणि ती स्त्री गळू नये म्हणून तिच्या पाठीशी राहत. तपासणी सुलभ करणे आणि या सोबतीची जोड देणे, या दोहोंमुळे त्या रुग्णालयातील पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत गेले. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘केवट’ हा याच कामाचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये सुरू केला. परळला पहिल्यांदा आलेल्या कुटुंबाला कोणत्या इमारतीत जायचे आणि अहवाल कधी मिळेल हे सांगणारा एक शांत चेहरा दिसला, तर ती माणसे अर्धवट उपचार सोडून परत जात नाहीत.

गाविलगड

मी धारणी भागातला आहे. येथे वर लिहिलेल्या सर्व गोष्टींच्या आधी भाषा येते. कोरकू बोलणाऱ्या आईला बाळाविषयी मराठीत सूचना दिल्या जातात, ती ‘हो’ म्हणते, आणि तो होकार समजल्याचा नसून भीतीचा असतो. अमरावती किंवा नागपूरला पाठवले की नवरा-बायको दोघेही गप्प होतात आणि पहिल्या संधीला रात्रीची गाडी पकडून परत येतात. मग ‘रुग्ण न सांगता निघून गेला’ अशी नोंद होते. आमच्या गावची आशाताई एकदा एका बाळंतिणीसोबत स्वखर्चाने अमरावतीला राहिली. तिने केले काय, तर डॉक्टर जे बोलत ते कोरकूत सांगितले आणि त्या बाईला भाकरी कोठे मिळते ते दाखवले. ती आई बाळाला घेऊन बरी होऊनच परत आली. या सोबतीसाठी आशाताईला एक रुपयाही मिळाला नाही, याचा मला आजही राग येतो. पैसे मोजून ठेवावे असे हे काम आहे, पुण्याईवर सोडून देण्याचे नाही.

रानवारा

गाविलगड, आपला प्रतिसाद मनाला भिडला. मी वर जे लिहिले ते शहराजवळच्या माणसाचे मत होते, हे आता जाणवते.

नीरेकाठचा

पैशांचा विषय निघाला आहे म्हणून एक सावधगिरी सांगतो. आमच्या भागात ‘रुग्णसेवक’ म्हणवणारे काही जण रुग्णाला ठरावीक खासगी रुग्णालयातच नेतात आणि तेथून कट घेतात. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणे-घेणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे, तरी ते चालते. रुग्णाला वाटते की हा आपला माणूस, आणि तो असतो दुसऱ्याच्या पगारावर. आपल्या केंद्राने कोणत्याही एका रुग्णालयाचे नाव सुचवू नये. त्या आजारासाठी अंगीकृत असलेल्या सर्व रुग्णालयांची यादी समोर ठेवावी आणि निर्णय कुटुंबावर सोडावा. जन आरोग्य योजनेची हेल्पलाइन १५५३८८ ही आहे, तेथे फोन करून यादी विचारता येते.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. काल आमच्या बैठकीत हे सर्व प्रतिसाद वाचून दाखवले आणि बरीच चर्चा झाली. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते की केंद्राने रुग्ण दाखल होण्यापूर्वीचा काळ आणि दाखल झाल्यानंतरचा पहिला दिवस, यांवर सारी शक्ती लावावी. माजी तलाठी शिधापत्रिका, आधार आणि उत्पन्नाचे दाखले जुळवून देण्याचे शिबिर घेणार आहेत. परिचारिकाताई प्रत्येक रुग्णाचा एक पानी गोषवारा करतील: आजार, चालू औषधे, कोणत्या औषधाचा त्रास होतो, आधीच्या शस्त्रक्रिया आणि पहिल्या निदानाची तारीख. अहवाल तारखेप्रमाणे लावून त्यावर हे पान ठेवायचे.

शुल्क घ्यायचे नाही, रुग्णालये आणि औषध दुकाने यांच्याकडून देणगी घ्यायची नाही आणि उपचारांवर मत द्यायचे नाही, हे तिन्ही ठराव एकमताने झाले. मात्र रुग्णासोबत जिल्ह्याला जाणाऱ्या स्वयंसेवकाला एस.टी.चे भाडे आणि जेवणाचा खर्च संघाने द्यावा, हे गाविलगड यांच्या लिहिण्यामुळे ठरले. आमच्यातील एका सदस्यांचा याला विरोध होता, पण आशाताईंची हकिकत ऐकल्यावर त्यांनीच पहिली वर्गणी दिली.

एक शंका उरते. खासगी रुग्णालयात आमचा स्वयंसेवक रुग्णाचे कागद मागायला गेला तर ‘तुम्ही कोण?’ असे विचारतील. त्यांचे तरी काय चुकले? रुग्णाची माहिती परक्याला देऊ नये हे योग्यच आहे.

डॉ_बालाघाट

रुग्णाकडून लेखी अधिकारपत्र घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास रुग्णालयाने पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यायची असतात. अधिकारपत्रात स्वयंसेवकाचे पूर्ण नाव, रुग्णाशी नाते नसल्याचा स्पष्ट उल्लेख, कोणते कागद हवेत ते आणि अधिकाराची मुदत लिहा. रुग्ण सही करण्याच्या स्थितीत नसेल तर जवळच्या नातेवाइकाने स्वतःच अर्ज करावा आणि स्वयंसेवकाने केवळ सोबत जावे.

राज्यात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा झाली. तिच्याप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. याविषयीची तक्रार तुमच्या भागातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे नगरपरिषदेच्या हद्दीत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. तक्रार करण्याआधी एकदा संबंधित डॉक्टरांना भेटा. निम्मे प्रश्न तेथेच सुटतील.

वॉर्ड_क्रमांक_नऊ

अधिकारपत्राचा मराठी मसुदा माझ्याकडे आहे, तो तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने पाठवते. त्यात एक ओळ मात्र नक्की वाढवा: रुग्णाला वाटेल तेव्हा हा अधिकार काढून घेता येईल. आणि सही घेण्यापूर्वी तो कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवा.